मिरच्या कांडायचा दिवस

लातूर
४ ऑगस्ट २०२४

अमरेश,

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, आपलं गाऱ्हाणं मागून. म्हणून विचारते. कसा आहेस? गुडघा काय म्हणतो? अंजू बरी आहे हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते विचारू नकोस.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. पोस्टमन बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या समितीची स्मारकाच्या लोकार्पणाची पत्रिका पोचली. आजोबांचं नाव एवढ्या जाड अक्षरांत मी पहिल्यांदाच पाहिलं. ‘हुतात्मा गुरुलिंगप्पा यांच्या पवित्र समाधीस्थळी’ आणि खाली अव्वाचा फोटो, ‘वीरपत्नी कमलम्मा यांचा सत्कार’. मी अव्वाला सगळं वाचून दाखवलं. तिनं फोटोवर बोट ठेवलं.

“ह्यो कवाचा?”

“आधारकार्डावरचा आहे, अव्वा.”

“तरीच. चोरटी दिसून राहिले.”

हसली, आणि मग पत्रिका उलटी करून उशाखाली सारली. सतरा सप्टेंबरला येणार का म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

अमरेश, ती आता फार दिवसांची नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच मला समजलं. खात नाही. पेज दोन चमचे. आणि परवा काय मागावं तिनं? लाल मिरच्या. म्हणाली, “उखळ काढ बाहेर, मला कांडायचंय.” आता, श्रावणाच्या तोंडावर! मी म्हटलं, “अव्वा, तो उद्योग चैत्रातला. आणि तुला मुसळ तरी उचलेल का?” तर रुसली.

तुला आठवतो का तो दिवस? मी सुट्टीला सिकंदराबादहून आलेली असायचे. कोपऱ्यावर कांडपाची गिरणी आली तरी अव्वा एक दिवस परसात एकटी बसून मिरच्या कांडायची, दार लावून. आपण दोघं दाराच्या फटीतून बघायचो आणि खोकून बेजार व्हायचो. ती आतून ओरडायची, “मरा तिकडं, डोळे जातील!” तिचे डोळे लाल, पदर ओला. आपल्याला वाटायचं, मिरची.

एकदा येऊन जा. सत्काराचं बोलायला नको. मी तुझ्यासमोरही येणार नाही हवं तर, शेजारी जाऊन बसेन. अप्पा गेले त्या दिवशी जे झालं ते झालं. तू गावात खड्डा खणून ठेवला होतास, आजोबांच्या समाधीशेजारी, मोठी माणसं गाड्यांतून येऊन थांबली होती, आणि अव्वा सगळ्यांदेखत उभी राहून म्हणाली, “माझ्या लेकराला तिथं ठेवायचं न्हाई.” तुझी मान खाली गेली, मला दिसली. पण मी तिला शिकवलं नव्हतं रे. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर निदान तुला बाजूला घेऊन सांगितलं असतं.

चार वर्षं झाली. तू तिला ‘डोकं फिरलेली’ म्हणालास, ते तिनं ऐकलं आहे. तरी बाहेर गाडी थांबली की विचारते, “अमऱ्या आला का?”

तुझी
अक्का


लातूर
१३ ऑगस्ट २०२४

अमरेश,

मागच्या पत्रात ‘तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं’ असं लिहून गेले. तू विचारशील वाटलं होतं, आता काय ठाऊक झालं म्हणून. विचारलं नाहीस. तरी सांगते, कारण अव्वाला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे आणि ती कळायला हे आधी कळलं पाहिजे.

काल तिला आंघोळ घालत होते. गळ्यातलं लिंग ती कधी कुणाला काढू देत नाही, तुला माहीतच आहे. आपल्यात काढतच नाहीत. बाळपणी बांधलं की मातीत जाताना तळहातावर. काल त्याभोवतीचं वस्त्र फार मळलं होतं म्हणून मी म्हटलं, “तुझं लिंग हातात धर, मी वस्त्र बदलते.” तर म्हणाली,

“माझं न्हाई गं ते.”

मला वाटलं भ्रम झाला. मग तिनं सांगितलं. ओल्या केसांनी पाटावर बसूनच. मी मध्ये पाणी ओतायचंही विसरले.

निजामाच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. आजोबा भूमिगत होते. गावोगावची पोरं त्यांच्या शब्दावर उठत होती, ठाण्यांवर हल्ले होत होते, हे आपण भाषणांतून ऐकलेलं. घरात काय होत होतं ते भाषणात नसतं. मुखेडहून अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, जवान घेऊन यायचा, धान्याच्या कणग्या पालथ्या करायचा. पणजोबांना चावडीवर उन्हात उभं करायचे. अव्वा एकोणीस वर्षांची, अप्पा मांडीवर. एकदा तिलाही नेलं. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आजोबांना हे समजलं आणि त्यांनी एक युक्ती केली. गळ्यातलं लिंग उतरवलं आणि मठाच्या स्वामींच्या हाती घरी पाठवलं.

अमरेश, कळतंय ना तुला? देह कुठे आहे, कुणी पाहिला, असं एकानंही विचारलं नाही. लिंगायताचं लिंग घरी आलं म्हणजे माणूस संपला, ह्यात विचारायचं काय? अमीनसाहेबालासुद्धा गावच्या पाटलानं तेच समजावून सांगितलं, आणि त्याला पटलं. सगळ्या गावानं खड्डा खणला. देह नाही तर लिंग तरी मातीला द्यायचं, म्हणून.

स्वामींनी अव्वाच्या कपाळाला विभूती लावताना तेवढं हळू सांगितलं होतं: “पोरी, जिता हाय. पर रडायला कमी करू नको.”

अमीन बूट घालून अंगणात उभा होता. अव्वा रडते ती खरी की खोटी ते बघत. तिच्या बांगड्या फोडल्या, डोरलं काढलं. तिची सासू शेजारी जमिनीवर डोकं आपटत होती. त्या माउलीला काही सांगितलेलं नव्हतं. तिचं रडणं खरं असल्याशिवाय अमीन गेला नसता. अव्वा म्हणाली, “मी सासूकडं बघून रडले गं. तिचं लेकरू जितं, आन ती मेल्यावानी रडून राहिली. मला लई रडू आलं.”

मग लिंग खड्ड्यात ठेवायची वेळ आली.

“जित्या माणसाचं लिंग मातीत कसं घालू? घातलं आन त्येचं काही झालं तर? तो माणूस लिंगपूजेबगर पाण्याचा घोट घेत नव्हता, आन तिकडं रानात तसाच खाऊन राहिला असंल. म्हनलं, येईल तवा परत बांधंल.”

“मग खड्ड्यात काय ठेवलंस?”

“माझं.”

आत जाऊन बदललं म्हणे. वस्त्र सगळ्यांचं पांढरंच. कुणाला काय कळतंय. तेव्हापासून तिच्या गळ्यात आहे ते आजोबांचं. आणि ज्या समाधीवर तू संगमरवर चढवतो आहेस, तिच्या खाली आहे ती अव्वा.

अक्का


लातूर
२२ ऑगस्ट २०२४

अमरेश,

अंजूकडून कळलं, पत्रं तू वाचतोस. गाडीत बसून, काचा वर करून वाचतोस म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस. इतकंच म्हणाली, “अक्का, ते जेवले नाहीत दोन दिवस.” म्हणजे माझं लिहिणं तुला खोटं वाटलेलं नाही.

तू मनात विचारत असशील, मग पुढं काय? स्वातंत्र्य आलं, निजाम गेला, आजोबा परत का आले नाहीत? अव्वानं खरं का सांगितलं नाही? मीही तेच विचारलं. ती आधी मिरच्या आण म्हणाली. आणल्या. कांडायला ताकद कुठली. मांडीवर सूप घेऊन नुसती देठं खुडत बसली आणि खुडता खुडता बोलली.

म्हणाली, तुझ्या आजोबाला तिखट सोसायचं न्हाई. कधी पहाटे लपत आले की ती भाकरीबरोबर येसराची आमटी वाढायची. कपाळाला घाम, नाकाला धार, आणि तरी खायचे. म्हणायचे, “निजामाला भीत न्हाई कमळे, तुझ्या येसराला भितो.” नवरा म्हणून तिच्या वाट्याला तेवढंच आलं, असल्या पाच-सहा पहाटा. बाकी सगळा लोकांचा.

लिंग पाठवल्यावर ते किनवटच्या रानात होते. होळी झाली आणि ती मुखेडच्या बाजाराला गेली. अंगावर पांढरं, कपाळ मोकळं. मिरच्यांच्या ढिगापाशी एक माणूस शेजारी येऊन बसला. अण्णाराव नावाचा, किनवटकडचा शेतकरी, आजोबांच्या तुकडीतला. मिरची हातात घेऊन भाव करावा तसा बोलला. मी तिच्या तोंडचंच लिहिते.

“म्हनला, बाई, मिरची चांगली हाय, पर मालक गेला. मी म्हनलं, कोन मालक? तर म्हनला, तुमचा. तापानं. औषध न्हाई मिळालं. मोहाच्या झाडाखाली ठेवला, आमच्याच रानात. बसवून ठेवला, तुमच्यात बसवत्यात म्हनून. पर हातात द्यायला काय नव्हतं बाई. हात रिकामाच ऱ्हायला.”

एवढं बोलून तो उठून गेला. बाजार भरलेला. ओळखीच्या बाया समोर. अव्वा रडणार कशी? कशासाठी? तिचा नवरा तर केव्हाच मेला होता. सगळ्या गावासमोर ती रडून बसली होती. अमीनचा माणूस बाजारात हिंडतच असायचा. आता रडली तर सगळं उघडं पडणार, पणजोबा परत चावडीवर उन्हात.

तिनं मिरच्या घेतल्या. पदरात मावतील त्याहून जास्त. घरी आली आणि कांडायला बसली. शेजारणी म्हणाल्या, आमच्याही दे कांडून. सगळ्या आळीच्या कांडल्या. सासू म्हणाली, “कमळे, बस कर, डोळे बघ कसे झालेत.” ही म्हणाली, “मिरची लई झोंबून राहिली, अत्त्या.”

अमरेश, तो दिवस तो. दर वर्षी दार लावून. आपण फटीतून बघायचो.

नंतर निजाम गेला तरी का नाही सांगितलंस, असं विचारलं तेव्हा देठं खुडायची थांबली. म्हणाली, “सासूला दोनदा कसं रडवू? एकदा रडून ती कशीबशी उठली होती. तिला कसं सांगू, तू रडलीस तवा तुझं लेकरू जितं होतं, आन मेलं तवा तू मिरच्यांच्या भावावर बोलत होतीस?” सासू गेली तोवर अप्पा ‘हुतात्म्याचा मुलगा’ म्हणून मोठे झाले होते. समाधीवर दिवा लावून शाळेला जायचे. मग त्यांनाही नाही सांगितलं. पण ते गेले तेव्हा खोट्याच्या शेजारी लेकराला ठेवणं तिच्यानं होईना.

आता तिला हवं ते ऐक. समाधी राहू दे, स्मारक होऊ दे, कुणाला काही सांगू नकोस. “तिथं मी हायच की,” म्हणते. फक्त ती गेली की तिला किनवटला ने. त्या मोहाच्या झाडाखाली, आजोबांच्या शेजारी. तळहातावर त्यांचं लिंग. “एकावर दोघं भागवू,” म्हणाली.

घरातला पुरुष तू आहेस. तू नको म्हणालास तर समितीपुढे, समाजापुढे, माझं कोण ऐकणार? मला फक्त हो म्हण.

अक्का


लातूर
२ सप्टेंबर २०२४

अमरेश,

झाड आहे.

ओळखीतून ओळख काढत पोचले. अण्णाराव कधीच गेले. त्यांची सून केवळाबाई फोनवर आली. म्हातारीच, पण आवाज खणखणीत. मी बिचकत विचारलं, तुमच्या रानात मोहाचं झाड आहे का, ज्याच्या खाली…

“पाव्हण्याची जागा म्हंता का?” तीच म्हणाली. “हाय की. सासरा सांगून गेला, तिथं नांगर घालायचा न्हाई, आमचा पाव्हणा झोपलाय. पोळ्याला नैवेद्य तिथं आधी, मग बैलाला. पाव्हणा कोन ते काय सांगितलं न्हाई. तुमी कोन?”

मी लातूरहून बोलते, एवढं म्हटलं. तिनंच विचारलं, “पाव्हण्याच्या घरच्या का?” मी हो म्हटलं. मग म्हणाली, “लई उशीर केला बाई. या. जागा लई मोकळी हाय.”

अव्वाला सांगितलं. कानाशी तोंड नेऊन दोनदा सांगावं लागलं. पोळ्याच्या नैवेद्याचं ऐकलं आणि विचारलं काय, तर, “तिखट तर नसंल ना घालत?”

आज पोळा आहे, अमरेश. तुझं उत्तर नाही. ती बोलायची बंद झाली आहे.

अक्का


लातूर
३० सप्टेंबर २०२४

अमरेश,

हे पत्र तुला जाब विचारायला नाही. तू समोर होतास, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. जे तुला दिसलं नाही तेवढंच लिहिते.

तू आलास तो अव्वा गेल्यानंतर, फुलांची गाडी घेऊन, तिरंगा घेऊन, समितीची माणसं घेऊन. दारातच मला म्हणालास, “अक्का, मी वाचलंय सगळं. पर आता कुणाकुणाला सांगू? गाव दर पंधरवड्याला तिथं डोकं टेकतंय. त्येंला कसं सांगू, आत कोण न्हाई?” तुझा आवाज फाटला होता. किती दिवसांनी तू घरातलं बोललास. आणि मी भांडायला तोंड उघडलं, तर मला अव्वाच ऐकू आली, सासूला दोनदा कसं रडवू म्हणणारी. तू तिचाच नातू. मी तोंड मिटलं.

पण मग आम्हा बायकांना आंघोळ घालायला आत सोडलं. मी म्हटलं, शेवटची आंघोळ मला एकटीला घालू द्या. दाराला कडी लावली. तिच्या गळ्यातून आजोबांचं लिंग काढलं. आणि माझं तिथं बांधलं.

माझं तुला आठवतं. बोर्डिंगमध्ये दागिने चालायचे नाहीत. माझा दोरा तुटला तेव्हा सिस्टरनीच स्वतःच्या शिवणाच्या डब्यातली निळी रिबीन दिली होती. म्हणाल्या, ही तिची प्रार्थना आहे, राहू दे. ती रिबीन मी कधी बदलली नाही. तू लहानपणी चिडवायचास, “अक्काचा देव रिबीनवाला.”

वस्त्रात गुंडाळून बांधलं होतं. वाटलं, कुणाला कळायचं नाही. गावात बँड वाजला, बंदुका उडाल्या. समाधीशेजारच्या खड्ड्यात तिला खाली बसवायला स्वामींच्या बरोबर तू उतरलास. त्यांनी वस्त्र सोडून लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवायला तुझ्या हाती दिलं. मी काठावर उभी होते. वस्त्रातून निळं टोक बाहेर आलेलं मला वरून दिसलं.

तुलाही दिसलं.

तू वर माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलतो. सगळ्यांसमोर. तू रिबिनीचं टोक अंगठ्यानं आत सारलंस, तिची बोटं एकेक करून मिटलीस आणि वरून आपला हात धरून ठेवलास. स्वामी “माती द्या” म्हणाले तरी सोडत नव्हतास.

तेवढ्यासाठी मी तुझे सगळे दिवस माफ केले, अमरेश. तू माझेही कर.

सतराच्या लोकार्पणाला मी आले नाही, कारण त्या दिवशी मी किनवटला होते. केवळाबाई रानात घेऊन गेली. झाड म्हातारं आहे, एक फांदी वाळलेली. खाली दगडांचं छोटं कडं, आत पोळ्याच्या नैवेद्याचं केळीचं पान सुकून पडलेलं. केवळाबाईनं खुरप्यानं माती उकरून दिली. “हात कुठं असंल?” मी विचारलं. ती म्हणाली, “बसलेल्या माणसाचा हात मांडीवर असतोय. हितं.” तिथं ठेवलं. मी काहीतरी म्हणणार होते, पण मला येते ती प्रार्थना इंग्रजी होती, आणि ती मला तिथं म्हणवेना. शेवटी एवढंच म्हटलं, “अव्वा यायची होती. जमलं नाही.”

तर असं झालं. आजोबांचं त्यांच्यापाशी. अव्वाचं तिच्या शेजारच्याच चौथऱ्याखाली. तिच्या हातात माझं. आणि माझ्या गळ्यात काही नाही. आंघोळ करताना हात जातो आणि रिकामा परत येतो. नवं घेणार नाही मी.

एकावर दोघं भागवू म्हणाली होती. तेवढं आपल्याच्यानं झालं नाही रे. ती इकडं, ते तिकडं, मध्ये सगळा जिल्हा.

आणि अजून मी रडलेले नाही. बँड होता, पुढारी होते, कॅमेरे होते. तूही रडला नाहीस. तुझा फोटो पाहिला पेपरात, चेहरा कसा दगडासारखा.

अव्वानं देठं खुडून ठेवलेल्या मिरच्या सुपात तशाच आहेत. उखळ मी परसात काढून धुऊन ठेवलं आहे. रविवारी ये. अंजूला आणू नकोस, कुणालाच आणू नकोस. दार लावून घेऊ. आधी तू कांड, दमलास की मी घेईन.

शेजारच्यांनी विचारलं तर सांगू, मिरची लई झोंबून राहिली.

तुझी
अक्का